चाळिसावी हाक

भरत मला पहिल्यांदा भेटला तेव्हा आवडला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मी मैत्रीपोटी गोड करून सांगतोय असं कुणाला वाटायला नको.

ओतूरच्या एसटी स्टँडासमोर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दादाभाऊचं दुकान म्हटलं की कुणीही बोट दाखवतं. दुकानाच्या वरचा गाळा बरीच वर्षं रिकामा होता. तो भरतनं घेतला आणि जिन्यापाशी पाटी लावली, 'मोबाईल ॲप बनवायला शिका'. मला हसूच आलं. आमच्याकडची पोरं मोबाईल फोडण्यात पटाईत, बनवायला कोण शिकणार? त्यात हा निमगाव साव्याचा, म्हणजे आपल्याच तालुक्यातला, पण पुण्यात कंपनीत सहा वर्षं काढून आलेला. अशा माणसांच्या बोलण्यात जो शहाणपणा येतो तो मला सोसत नाही. पहिल्याच आठवड्यात तो माझ्या काउंटरला टेकून म्हणाला, "दादाभाऊ, तुमी गिऱ्हाइकाला सांगता ना, मागची ॲपं सारखी बंद करत जा, बॅटरी वाचती. त्यात काय अर्थ न्हाई." दहा वर्षं मी तेच सांगत आलो होतो. मी त्याला चहा पाजला आणि मनात शिव्या दिल्या.

पण शिकवायचा चांगला, हे नाकबूल करून चालणार नाही. त्याचा आवाज जिन्यातून खाली यायचा आणि स्क्रू पिळता पिळता माझेही चार धडे झाले.

"स्क्रीन म्हंजे काय कायमची वस्तू न्हाई," तो पोरांना सांगायचा. "ती तयार व्हती, दिसायला लागती, तुमच्या हाताखाली येती. मधीच कुणाचा फोन आला की थांबती, मागं जाती. तुमाला वाटतं ती मागं हाये, आपली वाट बघत बसलीय. पण फोनला जागा कमी पडली की तो तिला मारून टाकतो, कुणाला न विचारता. मरताना ती सांगंल याची खात्री न्हाई. थांबताना मातर सांगती. म्हणून जे काय हातात आसंल ते थांबतानाच लिहून ठेवायचं. नंतर ठेवू म्हणलं की गेलं."

एका पानावरून दुसऱ्या पानावर जाण्याचं शिकवताना तो भाकरींची चळत सांगायचा. नवीन पान उघडलं की वर एक भाकरी पडते, मागं जा म्हटलं की वरची उचलली जाते. मधली भाकरी ओढायला गेलात तर सगळी चळत पडेल, असं म्हणाला की पोरं हसायची. एका पोराला तो सारखा झापायचा, कारण तो सगळं साठवण्याचं काम शेवटच्या पानावर ठेवायचा. "आन शेवटच्या पानावर माणूस पोचलाच न्हाई तर?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मला पाठ झालं.

इंद्रायणी ही त्याची बायको. माहेर आंबेगाव तालुक्यातलं, घोडेगावच्या बाजूचं. स्टँडाच्या मागच्या आळीत त्यांच्या दोन खोल्या आणि समृद्धी नावाची तिसरीतली पोरगी. इंद्रायणीबद्दल आळीत कुणालाही विचारलंत तर आधी तिच्या आवाजाचं सांगितलं असतं. बाई किडकिडीत, पण दारात उभी राहून तिनं "समू" म्हटलं की स्टँडावरचा कंडक्टर वळून बघायचा. दुपारी एक वाजला की "अहो, जेवायला चला" ही हाक वर क्लासपर्यंत जायची आणि पोरं माना खाली घालून हसायची. मी मुद्दाम ओरडायचो, "कुणाला बोलावती गं? हितं समदेच अहो हायेत." ती तेवढ्याच मोठ्यानं म्हणायची, "ज्याला समजायचं त्याला समजलं, भाऊ."

नवऱ्याचं नाव मात्र तिनं कधी घेतलं नाही. नाव तोंडानं घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईनं शिकवलेलं. आता पोरी हे मानत नाहीत. नवऱ्याला अरे-तुरे करतात आणि नवरे चांगले ठणठणीत असतात. इंद्रायणी काही अडाणी नव्हती, बारावी झालेली, आळीतल्या बायकांना बँकेचे फॉर्म भरून देणारी. फॉर्मवर ती नाव लिहायची, बोलायची नाही. लग्नात उखाणा घेतला होता तेवढाच. त्या वेळी बँड असा वाजत होता की भरतला काही ऐकूच आलं नाही. हे तो हसत सांगायचा, आणि मीही हसून सोडून द्यायचो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तिचा आवाज बसला. आधी हळद-दूध झालं, मग जुन्नरचा डॉक्टर, मग पुणं. स्वरयंत्राला गाठ निघाली. तंबाखू नाही, मिसरी नाही, कसलं व्यसन नाही, तरी निघाली. पुण्याच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज परत येणार नाही. ऑपरेशनला बारा दिवस होते.

भरतनं मला हे जिन्याच्या पायरीवर बसून सांगितलं. जीव वाचतोय ना, असं काहीतरी मी बोललो. तो म्हणाला, "मी तिचा आवाज ठेवून घेणार."

त्याची कल्पना साधी होती. घरात रोज लागणारी वाक्यं इंद्रायणीनं आधीच बोलून ठेवायची. ऑपरेशननंतर ती फोनवर बटण दाबेल आणि तिच्याच आवाजात वाक्य वाजेल. आवाज बसका झाला होता, पण तिचाच होता. दोघांनी समूच्या जुन्या वहीत यादी केली. समू, ऊठ. चहा ठेवलाय. मोटर लावा, पाणी आलंय. जेवला का? भरतनं 'मला बरं वाटत नाही' असं एक वाक्य घातलं होतं, ते तिनं खोडलं. "हे कशाला बोलून ठिवू?" म्हणाली. त्याऐवजी 'सावकाश जा, गाडी हळू चालवा' हे घातलं. अशी एकोणचाळीस झाली. वही मिटल्यावर भरतनं ॲपमध्ये चाळिसावं स्वतःच घातलं. त्यात फक्त एक शब्द होता, भरत.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की तो क्लास बंद ठेवून दिवसभर वर बसतो, डोळे लाल करून खाली येतो आणि माझ्याशी धड बोलत नाही. दवाखान्याच्या खेपा, रक्ताच्या तपासण्या, भेटायला येणारे पाव्हणे, या सगळ्यातून त्यानं ॲप पुरं केलं ते ऑपरेशनच्या दोन दिवस आधी. आपल्या फोनवर तपासलं, झकास चाललं. मग इंद्रायणीच्या फोनवर टाकलं. तो फोन जुना, कमी मेमरीचा. माझ्याच दुकानातून घेतलेला.

निघायच्या दिवशी भरत कागदपत्रांसाठी जुन्नरला गेला आणि समू शाळेत. इंद्रायणी म्हणाली होती, कुणी समोर असलं तर मला बोलायला लाज वाटेल. तिनं दार लावून घेतलं आणि अकरा ते एक एकटीनं बसून बोलली. एकोणचाळीस वाक्यं झाली. चाळिसावं आलं तेव्हा पडद्यावर नवऱ्याचं नाव होतं आणि खाली बोलायचं बटण. ते बोलल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. भरतनं तसंच केलेलं होतं. आणि सगळं कायमचं साठवायचं काम त्या पुढच्या पानावर होतं.

तिनं नाव घेतलं नाही. होमचं बटण दाबलं, फोन फडताळात ठेवला आणि कपड्यांची पिशवी भरायला लागली. कणीक मळून झाकून ठेवतात, चपात्या मागनं करता येतात, तसंच तिला वाटलं. संध्याकाळी ह्यांना सांगू, ते काढतील तो शब्द.

मग फोन सुरू झाले. आमच्याकडे माणूस ऑपरेशनला निघाला की लोक विचारपूस केल्याशिवाय राहत नाहीत. केली नाही तर पुढं दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं. घोडेगावहून भाऊ, निमगावहून सासरची माणसं, आळीतल्या बायका, समूच्या बाई. प्रत्येक फोनला ते थांबलेलं ॲप आणखी मागं गेलं, आणि कुठल्या तरी एका फोनला त्या जुन्या यंत्रानं ते मारून टाकलं. संध्याकाळी गाडीत दाटीवाटीनं पाव्हणे बसले. त्यांच्यासमोर ती काय सांगणार? भरतनं विचारलं, "झालं का बोलून?" ती म्हणाली, "एक राह्यलंय. मागनं सांगते." सकाळी तिला आत घेतलं.

तिसऱ्या दिवशी ती नीट शुद्धीवर आली. गळ्याला भोक, त्यात नळी, श्वास तिथूनच. भरतनं तिचा फोन खिशातून काढला. ती डोळ्यांनी हसली आणि एक बोट वर केलं, एक राहिलंय. "राहू दे," तो म्हणाला आणि ॲपवर बोट टेकवलं.

चाळीसपैकी शून्य, असं दिसलं.

तिला कळलं नाही. त्याला त्याच क्षणी कळलं. ॲप नव्यानं उघडलं की आधीचा अर्धवट पडलेला कचरा झाडून टाकायचा, ही ओळ त्यानंच लिहिली होती. शिस्तीचा माणूस ना. ती एकोणचाळीस वाक्यं ॲप मेल्यावरही फोनमध्ये एका कोपऱ्यात पडून होती. फोन तसाच कॉम्प्युटरला जोडला असता तर एकेक उचलता आली असती.

"तीन दिवस ती माझ्या खिशात व्हती, दादाभाऊ," तो मला म्हणाला. "मी बोट लावलं आन गेली."

फोन घेऊन तो दवाखान्यातून थेट माझ्याकडं आला होता. दुपारची वेळ होती, मी शटर अर्धं ओढलं आणि बसलो. पुसलेलं परत येतं असा लोकांचा समज असतो, आणि मीही कधीकधी कुणाचे फोटो काढून देऊन शाबासकी घेतलेली आहे. माझ्याकडचं होतं नव्हतं ते सगळं लावून पाहिलं, नारायणगावच्या ओळखीच्या माणसाला विचारलं. काही निघालं नाही. मग नुसतं बघायचं म्हणून त्या दुपारी आलेल्या फोनांची यादी उघडली. एक ते पाचच्या मध्ये सतरा फोन होते. तिसरा माझा होता. "इंद्रायणी, घाबरू नकोस, समद्या ओतूरचा आशीर्वाद हाये," असं मी म्हणालो होतो, आणि ती बसक्या आवाजात हसली होती. पहिले दोन तिनं उचलले नव्हते. त्यामुळं ॲप माझ्याच फोननं मेलं असेल का, हे मी अजून स्वतःला विचारतो. भरत म्हणतो, तसं सांगता येत नाही. तो चांगला माणूस आहे, हे मला तेव्हा पटलं.

मला मात्र त्याचा राग आला होता. मी म्हणालो, "आरं, पोरांना तू काय शिकवतोस? शेवटच्या पानावर माणूस पोचलाच न्हाई तर, हे कोण बोंबलत व्हतं?"

त्यानं फोन काउंटरवर पालथा ठेवला. मग म्हणाला, "एकेक वाक्य झालं की ठेवायचं, असंच आधी लिवलं व्हतं. मग ती चाळिसावं सोडून देईल असं वाटलं. म्हणून वाट अडवली. ते बोलल्याशिवाय काहीच ठेवायचं न्हाई, असं केलं." आणि थोड्या वेळानं, "मला एकदा ऐकायचं व्हतं, दादाभाऊ. फकस्त एकदा."

अकरा वर्षांच्या संसारात त्या माणसानं एवढी एकच गोष्ट मागितली होती, तीही तोंडानं नाही. आणि तीच नडली. मी काउंटरवर डोकं टेकून रडलो. तो रडला नाही.

इंद्रायणीला दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यानं तिला सगळं सांगितलं. तिनं समूची पाटी ओढून घेतली आणि लिहिलं ते मी नंतर पाहिलं, कारण त्यानं दोन दिवस ते पुसू दिलं नाही. 'घरात एक गाठ आली होती. त्यात तुमचं नाव घेऊन तुमचं आयुष्य कशाला कमी करू?' खाली आणखी एक ओळ होती. 'मला सांगितलं असतं तर घेतलं असतं.'

ती शेवटची ओळ त्याला खाते आहे.

आता तिच्या आवाजातलं काय उरलं म्हणाल, तर शाळेच्या गॅदरिंगचा एक व्हिडिओ आहे. त्यात इंद्रायणी दिसत नाही, कारण तीच तो काढत होती. "समू, हिकडं बघ. पप्पांकडं न्हाई, हिकडं." एवढं, अकरा सेकंद. क्लासमधल्या पोरांनी त्या अकरा सेकंदांवरून कॉम्प्युटरकडून तिचा आवाज बनवून आणला. पोरांची माया हो, दुसरं काय. इंद्रायणीनं तो शांतपणे ऐकला आणि पाटीवर लिहिलं, 'ही बाई कोण?' मग पोरांना वाईट वाटू नये म्हणून सगळ्यांना चहा केला. दवाखान्यानं गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलंय. त्यातून गुणगुणल्यासारखा आवाज येतो. ते ती डॉक्टरसमोर वापरते आणि घरी आल्यावर खणात टाकते.

क्लास चालू आहे. गाळा सोडून भरतनं तो घराच्या पुढच्या खोलीत आणला. पोरांना तो अजून तेच शिकवतो, स्क्रीन थांबते तेव्हाच ठेवून घ्या. फक्त भाकरींचा विनोद करत नाही. समूला हाक मारायची असली की इंद्रायणी ताट वाजवते. आळी सवयीची झाली आहे. कंडक्टर आता वळून बघत नाहीत.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडं दुरुस्त केलेला एक टॅब द्यायला गेलो होतो. पोरं गेली होती. भरत भिंतीकडं तोंड करून कॉम्प्युटरवर काम करत होता, समू जमिनीवर बसून अभ्यास करत होती. मी दाराशी खुर्चीत. आतून इंद्रायणी चहाचा कप घेऊन आली, गळ्याला ओढणी गुंडाळलेली, आणि उंबऱ्यावर थांबली. मी कोपऱ्यात होतो, तिचं लक्ष नव्हतं. ती भरतच्या पाठीकडं बघत होती. तिचे ओठ मिटले, उघडले, जीभ दातांना लागली. पुन्हा मिटले, उघडले. आवाज कसलाच नाही. मला क्षणभर समजलं नाही, आणि मग समजलं. ती नाव घेत होती.

मी काही बोलणार तेवढ्यात तिनं मला पाहिलं, ओढणी तोंडाशी नेली, कप टेबलावर ठेवला आणि आत निघून गेली.

मी समूला हळूच विचारलं, "आई आत्ता काय म्हणाली गं?"

समूनं वहीतून डोकं वर केलं नाही. "पप्पांचं नाव. रोज घेती ती. आवाज येत न्हाई ना, मग चालतं म्हणून तिनं पाटीवर लिवलं व्हतं. पन पप्पांची पाठ असली तरच घेती."

मी भरतकडं पाहिलं. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो खुर्चीत वळलाच नाही. मी म्हणालो, "आरं मर्दा, तुला ठावं हाये? मग टेबल फिरव की. दाराकडं तोंड करून बस. तुला बघायचं न्हाई?"

"मी बघितलं की ती घ्यायची न्हाई," तो म्हणाला.

आता मी बऱ्याचदा चहाच्या वेळेला तिकडं जातो. कारण काहीही काढतो. आतून बांगड्यांचा आवाज उंबऱ्यापर्यंत येतो आणि भरतची बोटं थांबतात. तो भिंतीकडं बघत, मान ताठ धरून बसून राहतो. एक नाव घ्यायला जेवढा वेळ लागतो, त्याहून थोडा जास्त. मग वळतो आणि म्हणतो, "झाला का चहा? आण हिकडं."